परसातलं लिंबू आजारी पडलं तर: बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपासणी आणि उपाय

लिंबाचं झाड आजारी दिसलं की आपण पहिल्यांदा पानं बघतो. पिवळी पडली की खत घालतो, मलूल झाली की पाणी घालतो, भोकं दिसली की दुकानातून औषध आणतो. मी सांगलीत राहते. इथल्या आणि कराड-साताऱ्याकडच्या नातेवाइकांच्या परसात जी वाळलेली लिंबं पाहिली, त्यांतली बरीचशी उपासमारीनं नाही, पाणी साचून गेली होती. दुखणं पानावर दिसतं, पण असतं बुंध्यापाशी. म्हणून तपासणी खालून वर करायची.

हे मी आमच्या झाडावरून शिकले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचं पाणी गावभागातल्या आमच्या परसात पाच दिवस उभं होतं. उतरल्यावर आम्ही घर धुण्यात, सामान वाळवण्यात गुंतलो. लिंबाच्या बुंध्याभोवती वीतभर गाळ बसला होता, तो काढायचं कुणालाच सुचलं नाही. दिवाळीपर्यंत झाड हिरवंगार. जानेवारीत तर फुलांनी असं लगडलं की आईनं शेजारणींना बोलावून दाखवलं. मार्चमध्ये एकेक फांदी शेंड्याकडून वाळायला लागली. तेव्हा गाळ उकरला, तर खालची साल नखानं सुटून आली. आत तपकिरी, ओली, आंबूस वासाची. आधी अंगावर धड नवी पालवी नसताना झाड एकाएकी फुलांनी भरलं तर कौतुक करण्याआधी बुंधा बघा. मरणाला टेकलेलं झाड असंच घाईनं फुलतं.

पहिली पायरी: खुरपं घ्या आणि बुंधा उघडा करा

सकाळी उन्हाच्या आत खुरपं, धारदार चाकू, साधं भिंग आणि एक पांढरा कागद घेऊन झाडापाशी बसा. बुंध्यालगतची माती, पालापाचोळा, शेणखत, फरशीचे तुकडे, जे काही चढलं असेल ते हातानं बाजूला करा. पहिलं जाड मूळ जिथून फुटतं तो सांधा दिसला पाहिजे. बऱ्याच घरी हा सांधा वीतभर खाली गाडलेला सापडतो, कारण दर वर्षी खत बुंध्याशी टाकून माती चढत गेलेली असते.

आता साल पाहा. त्यावर मधासारखे डिंकाचे थेंब, ओघळ किंवा काळपट ओला पट्टा असेल तर तो डिंक्या. ही फायटोप्थोरा नावाची बुरशी, तिला साचलेलं पाणी लागतं. कृष्णा-वारणेकाठच्या काळ्या भारी जमिनीत हा रोग घरोघर आढळतो. पण एक लक्षात ठेवा: कोरड्या सालीवरचा एखादा डिंकाचा थेंब जखमेमुळेही येतो. चाकूच्या टोकानं तिथली साल किंचित खरवडा. आत हिरवट-पांढरं निघालं तर घाबरायचं कारण नाही. तपकिरी निघालं तर उपचार त्याच दिवशी सुरू करायचे.

खाली वर्तमानपत्र अंथरा आणि सडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढा. कडेची अर्धा बोट चांगली सालही घ्या. कचरा मातीत पडू देऊ नका, कागदासकट जाळा. जखम एक दिवस वाऱ्याला सुकू द्या, मग बोर्डो पेस्ट लावा.

बोर्डो पेस्ट घरी करता येते. मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद लवकर विरघळत नाही, म्हणून फडक्यात बांधून रात्रभर अर्ध्या लिटर पाण्यात टांगून ठेवा. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालत भिजवा. तो खळखळून तापतो, तोंड भांड्यावर धरू नका आणि मुलांना लांब ठेवा. उरलेल्या पाण्यात कालवून गार झाल्यावर गाळा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता आणि काठीनं ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नाहीत. सुंदर आकाशी रंगाचं घट्टसर मिश्रण होतं. त्यात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालाय, चुन्याचं पाणी आणखी घाला. खिळा स्वच्छ निघाला की ब्रशनं बुंध्याला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लावा. त्याच दिवशी वापरा, उरलेली पेस्ट ठेवून उपयोग नाही. निरोगी झाडालाही पावसाआधी मेअखेर आणि पावसानंतर ऑक्टोबरात असा हात फिरवला तर डिंक्याची भीती खूप कमी होते.

मूळ सडलं असेल, तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन आळ्यात ओततात. साल निम्म्याहून जास्त घेरात सडली असेल तर मात्र औषधावर पैसे घालू नका. असं झाड क्वचितच वाचतं.

बुंध्यावर किंवा फांदीच्या बेचक्यात भुशासारख्या जाळीची नळी दिसली, तर ती साल खाणारी अळी. जाळी झटका, भोकात तार घालून अळी मारा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात दाबून वर चिखल लिंपा.

दुसरी पायरी: आळं दुरुस्त करा

आळं बुंध्याला चिकटून करायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती मोडा. बुंध्याभोवती एक फूट रुंदीचा मातीचा उंचवटा करा, सांधा गाडू न देता, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पाण्याचं आळं त्याच्या पलीकडे, फांद्यांची सावली जिथे संपते तिथपर्यंत. पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक तिथेच असतात. या दुहेरी आळ्यात पाणी बुंध्याला शिवत नाही.

पाणी कधी द्यायचं, हे वारावर ठरवू नका. चार बोटं खोल माती उकरून मुठीत दाबा. चिखलाचा गोळा झाला तर थांबा. गोळा होऊन बोटानं दाबताच फुटला तर वाफसा आहे, अजून एक-दोन दिवस जाऊ द्या. माती मुठीत नुसतीच भुरभुरली तर पाणी द्या. पान मलूल आणि माती कोरडी, तर झाड तहानलेलं. पान मलूल आणि माती ओली, तर मुळं गुदमरलेली आहेत, आणि अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे त्याला बुडवणं. या एका फरकावर कितीतरी झाडं वाचतील.

वाळवा-मिरज भागातल्या चोपण, म्हणजे क्षार साठलेल्या जमिनीत किंवा बोअरच्या खारट पाण्यावर पानांचे शेंडे आणि कडा करपतात. तिथे खत वाढवून भागत नाही. पावसाळ्यात छपराचं पाणी आळ्यात सोडून क्षार धुऊन जाऊ द्या आणि शेणखत, कंपोस्ट सढळ वापरा.

तिसरी पायरी: पिवळं पान जुनं की नवं?

पिवळ्या पानाचं कोडं या एका प्रश्नानं अर्धं सुटतं. फांदीच्या खालच्या बाजूची गडद, जाड पानं जुनी. शेंड्याकडची कोवळी ती नवती.

जुनी पानं सगळीच फिकट पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरलाय आणि बाकीचं पान पिवळं आहे, तर मॅग्नेशियम. त्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला १० ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा अशा दोन-तीन फवारण्या.

नवी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी बारीक जाळी उठून दिसतेय, तर लोह. पान उन्हाकडे धरून पाहा, जाळी स्पष्ट दिसेल. नवी पानं लहान, अरुंद, शेंड्याला झुपक्यानं आलेली आणि शिरांच्या मध्ये पिवळे ठिपके, तर जस्त. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही लक्षणं सर्रास दिसतात. जमिनीत लोह-जस्त असतं, पण चुना ते झाडाला मिळू देत नाही. म्हणून तिथे आळ्यात फेरस सल्फेट टाकलं तर ते मातीतच अडकतं, पानावर फवारलेलं लागू पडतं. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. जस्तासाठी झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि अडीच ग्रॅम चुना पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून. चुना घातला नाही तर कोवळी पानं पोळतात. दोन्ही फवारण्या एकाच दिवशी करू नका, आठवड्याचं अंतर ठेवा आणि नवती निम्मी उलगडलेली असताना संध्याकाळी फवारा. जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, पुढची पालवी कशी येते ते बघायचं.

ही ओळख पटण्याआधी मातीची ओल मात्र नक्की तपासा. साचलेल्या पाण्यात मुळं अन्न घेईनाशी होतात आणि पानावर सगळ्याच कमतरता दिसायला लागतात. माझ्या मामेबहिणीनं एकदा तीन वेगवेगळ्या बाटल्या आणून फवारल्या. शेवटी कळलं की मोरीचं पाणी फुटक्या पन्हळीतून झाडाच्या मुळाशी मुरत होतं.

खताचं म्हणाल, तर पूर्ण वाढलेल्या झाडाला मी जूनमध्ये दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड देते, ऑक्टोबरात पुन्हा एक घमेलं. ताजं शेण अजिबात नको. माती तपासून घ्यायची असेल तर साताऱ्याजवळ बोरगावला कृषी विज्ञान केंद्र आहे.

चौथी पायरी: पानांवरचे आणि फळांवरचे डाग

कागदी लिंबाला सर्वांत जास्त छळणारा रोग म्हणजे खैऱ्या. पानाच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवा. खरखरीत, उंचावलेला तपकिरी फोड आणि भोवती पिवळं वलय लागलं तर तो खैऱ्याच. काताच्या रंगाचे हे फोड फळावर आणि कोवळ्या काडीवरही येतात. हा जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या थेंबांबरोबर उडून एका पानावरून दुसऱ्यावर जातो. जावळी, पाटण, वाईच्या पश्चिमेकडे पाऊस आणि वारा दोन्ही जोरात, म्हणून तिथे तो जास्त. माणदेशात कमी.

आलेला फोड कोणत्याही औषधानं जात नाही, पुढचा थांबवता येतो. उन्हाळ्याच्या शेवटी, कोरड्या दिवसात, रोगट काड्या फोडाच्या खाली चार बोटं निरोगी भागात कापा. दर कापानंतर कात्री पुसून घ्या. काड्या जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. छाटणी झाल्यावर लगेच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, वर सांगितल्याच रीतीनं. ते जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम. पावसाळ्यात उघडीप बघून महिन्याला एक फवारणी पुरते. जुन्या पुस्तिकांत यावर स्ट्रेप्टोमायसीन मिसळायला सांगितलेलं आढळेल. ते आता वापरायचं नाही, शेतीतला त्याचा वापर सरकारनं १ जानेवारी २०२४ पासून पूर्ण बंद केला आहे.

डागाळलेलं लिंबू खायला काही हरकत नाही. रस चांगला असतो, फक्त लोणच्यात साल बरी दिसत नाही. नवीन रोप घेणार असाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात विचारा, ती खैऱ्याला तुलनेनं कमी बळी पडते.

पाचवी पायरी: पान उलटून बघा

चकाकत्या चांदीच्या रेघा, वेड्यावाकड्या, आणि पान आखडलेलं: ही नागअळी. मोठ्या झाडाला ती फार काही करत नाही, पण तिच्या जखमांतून खैऱ्या शिरतो. नवती फुटू लागली की कडुलिंबाचं तेल लिटरला ५ मिली आणि त्यात थोडा द्रवसाबण घालून आठवड्याच्या अंतरानं दोनदा फवारा. आखडलेली सगळी पानं तोडत बसू नका. पुन्हा पालवी फुटते आणि अळीला आयतं ताजं खाद्य मिळतं.

कडेकडेनं पान कुरतडलेलं असेल तर फुलपाखराची अळी शोधा. लहानपणी ती पाखराच्या शिटेसारखी, काळी-पांढरी दिसते, त्यामुळे नजर तिच्यावरून घसरते. मोठी झाली की लिंबाच्या पानासारखीच हिरवी. काडीनं पाठीला हळूच हात लावा, डोक्यामागून नारिंगी दुशाखी शिंग बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. एवढी खूण पुरे. चार-पाच अळ्या लहान रोप दोन दिवसांत ओकंबोकं करतात, मोठ्या झाडाला मात्र काही होत नाही. त्यांना औषध नको, हातानं वेचा. आणि जवळ कढीपत्ता असेल तर तोही बघा, हे फुलपाखरू त्यावरही अंडी घालतं.

पानं काजळीनं माखल्यासारखी काळी पडली आणि बोटानं पुसली जात असतील, तर ती कोळशी. ती रोग म्हणून स्वतंत्र नाही. वर कुठेतरी मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा काळी माशी रस शोषतेय आणि तिच्या चिकट गोड स्रावावर बुरशी वाढलीय. झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर खात्रीच समजा. मुंग्या त्या गोडव्यासाठी किडीची राखण करतात. आधी मुंग्या थांबवा: बुंध्याला कापडी पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावा, सालीला थेट नाही. पिठ्याचे पांढरे पुंजके पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, राहिलेल्यांवर साबणाच्या पाण्यात बुडवलेला बोळा फिरवा. मग निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, एक लिटर करायचा. कीड गेल्यावर काजळीवर तांदळाची पातळ पेज फवारली तर ती उन्हात वाळून पोपडे होऊन गळते. आजीच्या वेळची ही युक्ती अजून चोख चालते.

पांढऱ्या कागदावर फांदी झटकली आणि तांबूस ठिपके चालताना दिसले तर ती कोळी नावाची बारीक कीड. उन्हाळ्यात येतात. पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुणं हाच पहिला उपाय.

फुलं उमलली असताना काहीही फवारू नका. मधमाश्या लिंबाच्या फुलावर सकाळभर असतात.

फुलं येत नाहीत, आली तर गळतात

बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, गुटी कलमाला दोन-तीन. त्याआधी धीर धरा. वय झालं असूनही फुलत नसेल तर ऊन मोजा, दिवसाचं सहा तास तरी हवं. खोडातून सरळ वर जाणारे, मोठ्या काट्यांचे, जाडजूड पाणसोट झाडाची ताकद खातात. ते बुडाशी कापा. ऊन आणि पाणसोट दोन्ही ठीक असतील तर ताण द्या. परसातल्या झाडाला आंबिया बहार, म्हणजे थंडीनंतरची फुलं, सोयीचा: डिसेंबरात पाणी तोडा, पानं दुपारी मलूल होऊन काही गळू लागली की ताण पुरे, जानेवारीत शेणखत घालून आळ्यातली माती हलवा आणि पाणी सुरू करा. पहिलं पाणी अगदी हलकं, दुसरं थोडं जास्त, तिसऱ्यापासून नेहमीसारखं. ताणावरून एकदम भरपूर पाणी दिलं तर फुलं झडतात. हलक्या मुरमाड जमिनीत ताण दोन-तीन आठवड्यांत बसतो, काळ्या जमिनीत महिन्याहून जास्त लागतो. आजारी झाडाला ताण देऊ नये.

हरभऱ्याएवढी फळं थोडीफार गळतातच. फळं तडकत असतील तर पाण्याचा अनियमितपणा: आठवडाभर कोरडं आणि मग एकदम धो धो. आळ्यात उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, ओल टिकते. बुंध्यापासून ते वीतभर लांबच ठेवा.

कुंडीतल्या झाडाचं निम्मं दुखणं तळाच्या बुजलेल्या भोकात असतं. दोन वर्षांनी कुंडी आडवी करून झाड काढा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर बाहेरची थोडी कापून नव्या मातीत लावा, आणि कुंडी विटांवर ठेवा.

मेलेल्या झाडाच्या जागी

डिंक्यानं गेलेल्या झाडाच्या खड्ड्यात पुन्हा लिंबू लावू नका. आम्ही दुसरं रोप जून २०२० मध्ये परसाच्या चढाच्या बाजूला लावलं. आधी मुरूम आणि माती मिसळून गुडघाभर उंचीचा, चार फूट रुंद ओटा केला. मुळाचा सांधा ओट्याच्याही वर चार बोटं राहील असं रोप बसवलं, मातीत निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळलेलं शेणखत घातलं.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पाणी आलं. दीड दिवस रोप पाण्यात होतं. उतरलं त्या संध्याकाळी दादानं टॉर्च धरला आणि मी खुरप्यानं बुंध्याचा गाळ काढला. घर दुसऱ्या दिवशी धुतलं. तिसऱ्या दिवशी पानांवरचा चिखल स्वच्छ पाण्यानं धुतला, ओटा वरवर हलवून वारा लागू दिला, साल सुकल्यावर बोर्डो पेस्ट लावली आणि मातीत वाफसा येईपर्यंत, जवळजवळ तीन आठवडे, थेंबभर पाणी घातलं नाही. खालची बरीच पानं गळली. सप्टेंबरात नवी पालवी आली, तेव्हा पहिल्यांदा खत घातलं.